ताक पाजलेले दगड

बायको गावाला गेली की माणसाने झोपावं. फार तर टीव्ही पाहावा. घरात सुधारणा करायला जाऊ नये. हे मी आज स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय, आणि सांगताना अंगणातल्या दगडावर बसलोय, कारण घरात खुर्ची मिळण्याची आजतरी चिन्हं नाहीत.

मी प्रसेनजित. अमडापूरला एका कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क. आमच्या लायब्ररीत वाचायला कोणी येत नाही, त्यामुळे ते काम मलाच करावं लागतं. तिथेच एका मासिकात लेख सापडला : 'रॉक गार्डनमध्ये देशी शेवाळाचा गालिचा'. फोटोत काळे दगड आणि त्यांच्यामधून मखमलीसारखं पसरलेलं हिरवंगार शेवाळ. खाली लिहिलं होतं, 'फारशी निगा लागत नाही.' हे वाक्य वाचलं आणि वाटलं, ही वनस्पती माझ्यासाठीच जन्माला आली आहे.

त्याच आठवड्यात मंजुश्री, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, बहिणीच्या बाळाच्या बारशाला आठ दिवस सुलतानपूरला निघाली. जाताना तिने मला हाताला धरून सांबाराच्या वाफ्यापाशी नेलं. (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी इडली मागू नये.) ऑक्टोबरच्या उन्हात जुन्या साडीची सावली करून तिने तो वाफा लेकरासारखा वाढवला होता.

"येताना बाबाले संग आणीन मी," ती म्हणाली. "तीन वर्षानं येऊन राह्यले ते. त्यायले सांबारवडी खाऊ घालाची हाये. तुमी फक्त पाणी टाकजा. दुसरं काहीच करू नका. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"दुसरं काहीच करायचं नाही."

लग्नाला चौदा वर्षं झाली. या काळात मी मिक्सर दुरुस्त केला (नवा आणावा लागला), पंखा पुसला (तोही). एकदा तरी माझ्या हातचं काम पाहून तिने 'वा!' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हटलं, या वेळी वडिलांसमोरच म्हणेल. सांबार काय, बाजारात मिळतोच. बस हलली आणि मी वाफा उपटला.

दगड मागायला शेजारच्या बशीरभाईंकडे गेलो. त्यांच्याकडे शेत आहे, ट्रॅक्टर आहे.

"दगड?" त्यांनी दोनदा विचारलं. "आमच्या बापानं जिंदगीभर वावरातले दगड वेचून धुऱ्यावर फेकले, अन् तुमी ते घरात आणून राह्यले?"

"गार्डन करायचंय."

"मंग तं लय चांगलं झालं!" ते म्हणाले, आणि इतक्या आनंदाने ट्रॉली भरून आणली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी बारा दगड मागितले होते. बाकीचे अजून गेटसमोर आहेत.

शेवाळ त्यांच्याच विहिरीच्या कठड्यावरून खरवडलं. (किती वेळा घसरलो ते विचारू नका.) लेखात लिहिलं होतं की दगडांना आधी ताक लावलं तर शेवाळ लवकर धरतं. म्हणून फ्रिजमधलं ताक काढलं आणि दाढीचा ब्रश घेऊन कामाला लागलो. भिंतीपलीकडून बशीरभाईंच्या बायको ताहेराभाभी बघत होत्या.

"भाऊ, दगडायची दाढी करून राह्यले काय?"

"नाही भाभी, ताक पाजतोय."

त्या लगबगीने आत गेल्या. थोड्या वेळाने बशीरभाई येऊन माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले.

शेवटी दगड वाफ्यात मांडून त्यांच्यावर शेवाळ बसवलं आणि वरची साडी सोडली, कारण साडीने गार्डनचा लुक जात होता.

पहिल्या दिवशी शेवाळ हिरवं होतं. दुसऱ्या दिवशी पिवळं पडलं, चौथ्या दिवशी तपकिरी झालं आणि सहाव्या दिवशी हात लावला की पापडासारखं मोडायला लागलं. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. मी पिण्याचा माठ त्याच्यावर रिकामा केला आणि स्वतः ऑफिसात जाऊन पाणी प्यायलो. ऊन ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत पिऊन गेलं. अंगणभर आंबट वास सुटला. मुंग्या आल्या. गल्लीतल्या मांजरांनी मात्र दगड चाटून चाटून गार्डनला मनापासून दाद दिली.

शनिवारी दुपारी मी दगडावर बसलो आणि खरं सांगतो, मला रडू आलं. सांबार गेला, शेवाळ मेलं, ताक संपलं, आणि उद्या सासरे येणार. डोळे पुसले, मेलेलं शेवाळ घमेल्यात भरलं आणि भिंतीपलीकडे, बशीरभाईंच्या मोरीचं पाणी वाहून जातं तिथे फेकून दिलं. मग बाजारात धावलो, सांबाराच्या सहा जुड्या आणल्या आणि दगडांच्या मधोमध उभ्या गाडल्या. लांबून बरं दिसत होतं. रस्त्यावरून तर फारच बरं.

रविवारी सकाळी मंजुश्री आली. मागून सासरे, किसनराव. त्यांनी आयुष्यभर रस्त्याच्या कामावर मुकादमी केली आहे. गेटसमोरचा ढीग पाहून ते थांबले.

"जवाईबापू, रोड मंजूर झाला काय?"

मंजुश्री सरळ वाफ्याकडे गेली. सांबाराची एक काडी उपटली. अख्खी जुडी वर आली.

"ह्या सांबाराले रबर काऊन हाये?"

"हायब्रीड आहे," मी म्हणालो.

"चांगली जात हाये," सासरे म्हणाले. "वाऱ्यानं पसरत नाई."

मंजुश्री ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ती जुडी मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "एकच गोष्ट सांगतली होती न तुमाले. फक्त पाणी टाका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ताहेराभाभींची हाक आली. "मंजुश्री! इकडे तं ये, पाहा काय उगोलं!"

आम्ही तिघांनी भिंतीवरून पाहिलं. मोरीच्या ओल्या दगडांवर मखमल पसरली होती. मऊ, हिरवीगार, थेट मासिकातल्या फोटोसारखी.

"वा!" मंजुश्री म्हणाली.

चौदा वर्षं वाट पाहिली त्या 'वा'ची, आणि तो भिंतीपलीकडे गेला.

"काय टाकलं, भाभी?"

"काहीच नाई. कालपासून आपोआपच आलं."

"पाहा," मंजुश्री माझ्याकडे वळली. "काहीच केलं नाई त्यायनं."

मला राहवलं नाही. "अगं, ते माझं आहे! मेलं समजून काल मीच फेकलं तिकडे!"

मंजुश्रीने हातातली जुडी भिंतीवर ठेवली.

"म्हंजे कचरा लोकायच्या घरात फेकता तुमी?"

ताहेराभाभींना माझी दया आली असावी. "जाऊ दे न, मंजुश्री. भाऊ, घरात अजून काही बिनकामाचं असलं तं इकडेच फेकत जा."

मंजुश्रीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाये एक," ती म्हणाली. "पण मले एकटीले उचलनार नाई."

सासऱ्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या.