आपल्या माणसाचा आवाज

हेडफोनमधून बायकोचा आवाज आला आणि साहेबांच्या हातातला चहा थेट टायवर सांडला.

साहेब परदेशांवर नजर ठेवणाऱ्या हेरखात्यात फोन ऐकायच्या कामावर होते. घरी मात्र 'हवामान खातं' असं सांगून ठेवलेलं. बायको रोज त्यांना पावसाचं विचारी आणि बरोबर उलटं वागे. आज ते सीमेपलीकडच्या एका संशयित व्यापाऱ्याचा फोन ऐकत होते.

"हे कामावर गेलेत, लगेच माणसं पाठवा," बायको त्याला सांगत होती. "यांना पत्ता लागता कामा नये. इतकी वर्षं सोसलं, आता बास!"

इथं साहेबांनी हेडफोन काढला. काढावाच लागला. खात्याचा कायदाच तसा. पलीकडच्यांची कुजबुजसुद्धा ऐकावी, पण आपल्या देशातल्या माणसाचा आवाज आला की तत्काळ कान बंद.

साहेब पांढरेफटक पडून वरिष्ठांकडे धावले. "सर, पुढचं एकच वाक्य ऐकू द्या. संसाराचा प्रश्न आहे!"

"संसार सीमेच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे."

"मग आपला संबंध नाही."

"निदान बायकोला विचारू?"

"कशाच्या आधारावर? हवामान खातं फोन ऐकतं का?" वरिष्ठ हळहळले. "घरी जा. तुमच्या त्या लाडक्या आरामखुर्चीत जरा शांत पडा."

घराचं दार सताड उघडं होतं. साहेब धावत आत शिरले. पण बायको जागेवर होती. कपाट जागेवर होतं. फक्त खिडकीजवळचा कोपरा रिकामा होता.

"माझी खुर्ची?"

"विकली! परदेशातला जुन्या फर्निचरचा व्यापारी भेटला. घरी आलात की तिच्यात रुतायचात, तोंडातून शब्द नाही. नुसती खुर्ची बोलायची, करकर करकर!"

साहेब सवयीनं मटकन मागे बसले. मागे फरशी होती.

महिन्याभरानं वरिष्ठांनी विचारलं, "खुर्चीचा काही ठावठिकाणा?"

"सीमेपलीकडे गेली, सर."

वरिष्ठांचे डोळे चमकले. "मग रडताय काय? आता ती आपल्या कक्षेत आली. पाळत ठेवा!"

व्यापाऱ्याच्या घरचा फोन शेजारच्या टेबलावरचा सहकारी ऐकू लागला. लवकरच तो बातमी घेऊन आला. "व्यापारी हेर वगैरे काही नाही हो. खुर्ची त्यानं स्वतःलाच ठेवलीय. दिवसभर तिच्यात पडून असतो, बायकोशी बोलत नाही. ती बिचारी गुपचूप गिऱ्हाईक शोधतेय."

साहेबांनी कोपऱ्यात जाऊन स्वतःच्या फोनवरून व्यापाऱ्याच्या घरचा नंबर लावला. "वहिनी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ते बाहेर गेले की मी माणसं पाठवतो. त्यांना पत्ता लागता कामा नये."

शेजारच्या टेबलावर सहकाऱ्यानं कायद्याप्रमाणे तत्काळ हेडफोन काढून ठेवला.