ओटा, पायऱ्या आणि मधलं अंतर

फिलिपा वर ओट्याच्या कडेला गुडघे टेकून बसली होती. ड्युगल्ड खाली, नुकत्याच बसवलेल्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर उभा होता. संकल्पानुसार या क्षणी ओटा आणि पायऱ्या एकमेकांना भेटणार होत्या. प्रत्यक्षात पायरी जिथे संपली तिथून ओटा कमरेएवढा उंच होता, आणि मधल्या रिकामपणातून दक्षिणेचा गार वारा एखाद्या जुन्या भाडेकरूसारखा निवांत ये-जा करत होता.

"पायऱ्या वर येणार होत्या," फिलिपा म्हणाली.

"ओटा खाली येणार होता."

"ओटा दाराच्या उंबरठ्याला समतल हवा. आईचा वॉकर अडखळता कामा नये."

"आणि पायरी बुटकी हवी. आईंना पाय उचलवत नाही. उंची गाठण्याआधीच चढ संपला, त्याला मी काय करू?"

दोघांचंही बरोबर होतं. एवढं प्रेम ओतूनही दोन टोकं जुळली नव्हती, कारण तिने घरापासून बांधत आणलं होतं, त्याने रस्त्यापासून, आणि मधेच एकत्र मोजणी करणं हा दोघांनाही परस्परांवरचा अविश्वास वाटला होता.

न्यूझीलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट कॅल्डर गावात, घरं रस्त्यापासून उंच चढावर असतात आणि माणसं आपल्या हातावर विसंबून असतात. तिथे दंतवैद्य बोलावता येतो, वकीलही येतो. पण अंगणात सुतार बोलावणारा नवरा शेजाऱ्यांच्या नजरेतून कायमचा उतरतो. त्यामुळे घसरड्या पाऊलवाटेच्या जागी हे सारं उभं करण्याचा निर्णय या दांपत्याने स्वतःच, स्वतःसाठी घेतला. नेमकं सांगायचं तर फिलिपाच्या आईसाठी, मॅव्हिससाठी. घर मुळात तिचं. खुब्याचं हाड मोडल्यावर ती वृद्धनिवासात गेली. खाडीकडे तोंड करून आपल्या बागेत रविवारची दुपार काढावी, एवढीच तिची मागणी होती. आणि रस्त्यापासून दारापर्यंत धड वाट झाली की पाठवू, असं निवासाने कळवलं होतं.

अंतर कसं बुजवावं, हे विचारायला फिलिपाने नगरपालिकेला फोन केला. ही चूक होती. सल्लागार श्रीमती ब्रॉडी जातीने आल्या, अंतराभोवती दोनदा फिरल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे चुकूनही जोडू नका."

"म्हणजे?"

"जोडलंत की तो जिना होतो. जिन्याला परवाना लागतो, परवान्याला नकाशा, नकाशाला अभियंता, आणि अभियंता वसंतापर्यंत रिकामा नाही. सध्या तुमच्याकडे एक बैठा ओटा आहे आणि एक पायरीसदृश उद्यानशोभा. दोहोंना परवाना नको. फार सुरेख काम केलंत."

"पण चढायचं कसं?" ड्युगल्डने विचारलं.

"चढण्याचा हेतू सिद्ध झाला, तर मात्र तो जिनाच."

मग हेतू पुसण्याचं काम सुरू झालं. ड्युगल्डने स्वतः रंधलेला कठडा उतरवला, कारण कठडा म्हणजे हेतूचा लाकडी पुरावा. प्रत्येक पायरीवर लॅव्हेंडरची कुंडी आली, म्हणजे पाऊल ठेवायला जागाच उरली नाही. तळाशी सुबक अक्षरांत पाटी लागली: 'या पायऱ्या नाहीत.' पाटी तिने रंगवली, खुंटी त्याने ठोकली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच दोघांचं एखादं काम एकमेकांना तंतोतंत जुळलं.

शेजारी कुंपणाला रेलून बिअरचे घोट घेत पाहत होते. "नगरपालिकेला बरं गुंडाळलंत राव!" असं ते म्हणाले, आणि गावात यापरता सन्मान नाही. उद्यानमंडळाने या अंतराला 'अवकाशाचा संयत वापर' म्हणून गौरवलं. रविवारी बाग लोकांना पाहायला खुली ठेवावी असं ठरलं. कुणी सॉसेज भाजले, कुणी फळं आणि साय घातलेला पाव्हलोव्हा केक आणला.

त्याच रविवारी निवासाच्या गाडीतून मॅव्हिस उतरली. निळी टोपी, ओठांना लिपस्टिक, हात वॉकरवर. तिने मान उंचावून सारं पाहिलं. वर ओटा उन्हात न्हात होता.

"पिपा, किती गोड केलंय गं! आता मी वर कशी येऊ?"

आईच्या लाडाच्या हाकेसरशी फिलिपा पुढे झाली. "आई, अगदी खरं सांगायचं तर हे चढण्यासाठी नाहीये. पण आहे मात्र तुझ्यासाठीच."

"पायरीची उंची बघा ना आई," ड्युगल्ड घाईने म्हणाला. "किती बुटकी ठेवलीय!"

"बघितली रे. माझा पाय सहज उचलला जाईल. कुंड्या तेवढ्या बाजूला घे."

"कुंड्या हलवल्या तर हेतू दिसेल, आई."

"हेतू? मला उन्हात बसायचंय, हा माझा हेतू. कुणापासून लपवायचाय तो?"

मॅव्हिसने वॉकर थोडा वळवला. तिच्या अगदी जवळ एक सभ्य गृहस्थ हातात पाव्हलोव्हाची बशी घेऊन उभे होते. परवान्याची ही सगळी कथा त्यांनी पहिल्यापासून चवीने ऐकली होती. नगरपालिकेला ते हसले होते, दांपत्याला हसले होते, आणि कुठेही चुकीच्या जागी हसले नव्हते, अगदी तुमच्या-आमच्यासारखे.

"बाबा रे," मॅव्हिस त्यांना म्हणाली, "तू धट्टाकट्टा दिसतोस. गोष्ट ऐकून झाली असेल, तर मला वर चढायला जरा हात देतोस का?"

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. बशीतला शेवटचा घास त्यांनी सावकाश संपवला, रुमालाने ओठांच्या कडा टिपल्या, आणि ते फाटकाच्या दिशेने चालू लागले.