समुद्राखालचा स्लॅब

समुद्र घरात आणता येतो, हे शहापुरात प्रथम मी सिद्ध केले! लोक कबुतरे पाळतात, कोणी ससे पाळतात. पण आधुनिक कवितेत एम. ए. करून कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला याहून खोल काहीतरी हवे असते. वाशिंदच्या नव्या वसाहतीतले एक रसायनतज्ज्ञ बदली होऊन निघाले आणि आपली पाच फुटी काचेची टाकी, सच्छिद्र प्रवाळखडक, पंप, दिवे, सहा निळे मासे असा सारा संसार "सांभाळाल ना?" एवढेच विचारून माझ्या हवाली करून गेले. मी "प्राणापलीकडे" असे उत्तर दिले. अशी उत्तरे मी विचार न करता देतो. तो शिक्षणाचा परिणाम आहे.

माझ्या वडिलांचे नाव सदानंद. त्यांनी एकच गोष्ट विचारली: वजन किती? आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे, खाली एक रिकामा गाळा. पाटबंधाऱ्यावर मुकादम असताना बाबांनी रजा टाकून, उन्हात स्वतः उभे राहून हा स्लॅब घालून घेतला. त्या स्लॅबवर त्यांची जी माया आहे, तिच्यात मी आणि माझी बहीण दीप्ती मिळून निम्म्याचेही वाटेकरी नसू. मी म्हणालो, "दोन पोती तांदूळ धरा."

वाचकहो, पाणी, काच, खडक आणि लोखंडी घडवंची मिळून वजन साडेआठशे किलो होते. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतली उत्तम खोंडांची जोडी आणून हॉलमध्ये कायमची बांधावी, तसा तो प्रकार होता. फक्त खोंडे अधूनमधून बाहेर तरी जातात.

पहिले पंधरा दिवस मात्र स्वर्गीय गेले. पाण्यात मीठ किती, उष्णता किती, हे मी दिवसातून चारदा मोजत असे. आईने, म्हणजे कमळाबाईंनी, एवढ्या मिठात दहा वर्षांची लोणची झाली असती, असे एकदा सुनावले. पण येणाऱ्याजाणाऱ्याला "आमच्याकडे समुद्र हाय" असे सांगायलाही तिनेच सुरुवात केली. प्रवाळ उमलत होते. निळे मासे एखाद्या न लिहिलेल्या ओळीसारखे फिरत होते. मी आरामखुर्चीत बसून अथांगाचे चिंतन करीत होतो.

सोळाव्या दिवशी दुपारी आवाज आला. टक्.

कोरडा, नेमका आणि एकच. कोणीतरी खिळ्यावर एक घाव घालावा आणि दुसरा घालण्याआधी विचारात पडावे, तसा. रसायनतज्ज्ञांनी मागे ठेवलेल्या वहीत लिहिले होते की आवाज आल्यास पंप तपासावा. मी पंप उघडला, धुतला, पुन्हा बसवला. टक्. लाटा उठवणारे यंत्र बंद केले. टक्. शेवटी एकेक करून सारी बटणे बंद केली. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की मला माझे रक्त ऐकू येऊ लागले. मी श्वास रोखला. पाणी हलत नव्हते, मासे हलत नव्हते, पंखाही थांबलेला होता.

टक्.

याचा अर्थ उघड होता. समुद्र निर्दोष होता. वाजत होते ते घर!

मी फरशीला कान लावून पालथा पडलो. आईने कोणाची पावले ऐकतोस म्हणून विचारले, तेव्हा अंगठी शोधतो आहे असे सांगितले. मी अंगठी घालत नाही, हे तिच्या लक्षात आले नाही. किंवा आले असावे. त्याच संध्याकाळी दिनदर्शिकेमागे भिंतीत मला एक तडा सापडला, केसाएवढा. त्याच्या टोकाशी मी पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी तडा खुणेच्या पुढे गेलेला दिसला. तिसऱ्या दिवशी तो मागे आला. तेव्हा चष्मा बदलायला हवा असे कोणालाही सुचले असते. मला मात्र वाटले, घर श्वास घेते आहे!

त्यात मासे नाहीसे होऊ लागले. प्रेत नाही, काटा नाही, काही नाही. सकाळी सहा असायचे, दुपारी पाच. मी अनुपस्थितीवर एक दीर्घ कविता आरंभली. चौथा मासा गेला तेव्हा ती पुरी झाली, आणि मला प्रथमच माझ्या कवितेची भीती वाटली.

एव्हाना आपण विचाराल, की गृहस्था, पाणी काढून टाकायचे होते! काढले. रोज दोन बादल्या, गुपचूप. पाच दिवसांनी पाहतो तो पातळी जागच्या जागी. प्रवाळांनी मात्र तोंडे मिटून घेतलेली. चौकशीअंती कळले की पाणी कमी दिसते म्हणून आई रोज नळाचे दोन हंडे ओतत होती. "मुकी जितराबं हायत, तहान लागत असंल," ती म्हणाली. आमचा समुद्र निम्म्या वाटेवर भातसा नदी होऊन बसला होता. मला पुन्हा मीठ घालावे लागले. म्हणजे वजन तेवढेच राहिले, आणि खरे सांगून टाकण्याचे धैर्य तेवढे घटले.

आणि याच हॉलमध्ये, येत्या रविवारी, दीप्तीचा साखरपुडा होता. साठ माणसे!

दीप्ती वाशिंदच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. मुरबाडचा प्रणित तिथलाच. जमवायला दोन वर्षे लागली होती, कारण प्रणितचे शाममामा सहजी कोणाला पसंत करीत नसत. मी रोज ग्रंथालयात बसून माणसांची वजने मांडत होतो. साठ गुणिले साठ, अधिक खोंडे. उत्तर आले की माझ्या डोळ्यांपुढे सारे दृश्य उभे राहायचे. दीप्ती हात पुढे करते, प्रणित अंगठी घालतो, आणि सर्व नातलग, बौद्धाचार्य आणि उरलेले दोन मासे खालच्या गाळ्यात उतरतात.

मी सुचवले की कार्यक्रम अंगणात करू. बाबा लगेच म्हणाले, "अंगणातच बरा." इतक्या चटकन ते माझ्याशी आयुष्यात सहमत झाले नव्हते. पण आईने आम्हा दोघांना उडवून लावले. मुरबाडकर मुळी समुद्र बघायला येताहेत, तो काय अंगणात नेणार आहात?

मग मी ती चूक केली. प्रणितला फोन लावून, आडवळणाने, किती जण येणार ते विचारले. तो म्हणाला, पस्तीस. मी म्हणालो, सगळे अंगाने कसे आहेत? तो म्हणाला, काय? मी सारवासारव केली की नाही, म्हणजे, शाममामा साधारण किती भरतील? प्रणितने हे घरी जसेच्या तसे सांगितले. मुरबाडात त्यावर बैठक झाली. मुलीचा भाऊ जेवणाची पाने मोजतो, असा एक पक्ष पडला. मामांना हिणवतो, असा दुसरा. शाममामांनी निकाल दिला की मोजायचेच असेल तर नीट मोजू द्या, आणि पस्तिसाचे पंचेचाळीस करून निघाले.

रविवारी मी पहाटेपासून खुर्च्या मांडत होतो. तुळया कुठून जातात हे मला पाठ झाले होते. खुर्च्या बरोबर त्यांच्यावर, भिंतीलगत, चारी बाजूंना. मधली जागा मोकळी. हॉलला न्यायालयाची कळा आली. शाममामा आले तेव्हा मला त्यांच्या वजनाचा अंदाज प्रत्यक्षच आला. रूढी अशी की मुलाच्या मामाने मधोमध, पुढे, मानाने बसावे. घरातला सर्वांत भक्कम खांब मात्र मोरीच्या दाराशी होता. मी अदबीने हात जोडून त्यांना तिथे नेले.

"इथं?" मामा म्हणाले.

"इथेच आपण सुरक्षित आहात," मी म्हणालो.

मामा बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मी टाकीपलीकडून पाहत होतो. पाण्यातून पाहिल्यावर राग मोठा दिसतो. पोरे काचेला नाके लावून उभी होती, म्हणजे नेमकी खोंडांच्या शेजारी. मी त्यांना दोनदोनच्या रांगेत हलवू लागलो. बाबा, पांढराशुभ्र सदरा घालून, दाराशी उभे होते आणि कोणी आत आले की एकदा पावलांकडे बघत होते.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतले. साऱ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटले. मग ती क्षणभराची शांतता पडली, जिच्यात मेणबत्तीसुद्धा ऐकू येते.

टक्.

"कोणी हलू नका!" मी ओरडलो.

"सगळ्यांनी खाली चला!" त्याच क्षणी बाबा ओरडले.

सत्तर माणसे अर्धवट उठली आणि तशीच थांबली. एवढी सुंदर, एवढी भयंकर स्तब्धता मी कोणत्याही कवितेत वाचलेली नाही. मोरीच्या दारातून शाममामांचा आवाज आला. "पाव्हणं, एकदा काय ते ठरवा. हलू नको का खाली जाऊ? येऊ नको म्हणायचं असंल तर तसं बोला. पोरगा घेऊन चाललो आमी."

दीप्तीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, हे अधिक वाईट होते.

मी सांगून टाकले. सगळे, साडेआठशे किलो, दोन पोत्यांची थाप, तडा, पेन्सिल, तुळया, आणि मामांना खांबाशी का बसवले ते. सत्तर माणसांसमोर, उभ्या उभ्या. आता बाबा काय करतील या भीतीपुढे स्लॅबची भीती काहीच नव्हती.

बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते फरशीकडे बघत होते. "तुझं नाय रे," ते म्हणाले. "माझंच हाय. स्लॅबवर एकवीस दिस पानी मारायचा होता. त्या साली टंचाई. अकरा दिस मारला. आज अठरा वर्षं झाली, कोनाला बोललो नाय."

माणसे एकेक पाय उचलून, जपून, दुसरीकडे ठेवू लागली. प्रणित उठायच्या बेतात होता. दीप्तीने त्याची बाही धरली.

"आधी अंगठी घाल," ती म्हणाली. "मंग पडू सगळी."

एवढ्यात स्वयंपाकघरातून जिवली बाहेर आली. जिवली डोंगराकडच्या पाड्यावरची. शहापूरच्या बाजारात ओढ्यातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकते आणि कार्य असले की आईच्या हाताखाली येते. पिठाचे हात तसेच पुढे धरून ती थेट टाकीपाशी गेली, पोरांना बाजूला सारले आणि काचेला कान लावला.

टक्.

"ह्या घर नाय वाजत," ती म्हणाली. "ह्यो दगुड वाजतोय. आत बसलाय कोनतरी."

मी तिला समजावू लागलो की प्रवाळखडक ही एक सजीव, सच्छिद्र रचना असून... तिने मला सुका बोंबील आणायला पाठवले. बोंबलाचा तुकडा दोऱ्याला बांधून तिने तो खडकाच्या भोकापाशी सोडला आणि ओढ्याकाठी बसावे तशी निवांत उकिडवी बसली. सत्तर माणसे विसरली की ती एका कच्च्या स्लॅबवर उभी आहेत. शाममामा खांब सोडून मधोमध आले, अगदी टाकीपाशी. त्यांना थांबवण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

दोरा ताणला. जिवलीने सावकाश खेचला. भोकातून हिरवट, बोटभर लांब, कोळंबीसारखा एक प्राणी बोंबलाला बिलगून बाहेर आला. डोळे दांड्यांवर, मुठी मुडपलेल्या, चेहऱ्यावर मुष्टियोद्ध्याचा माज. तिने खालून चाळण सरकवली. प्राण्याने चाळणीच्या पत्र्यावर ठोसा हाणला.

टक्.

माझे चार निळे मासे त्याने त्या मुठींनी मारून खाल्ले होते! खडकात लपून तो महिनाभर खडकावरचे शिंपले फोडत होता आणि मी घर फुटते म्हणून झुरत होतो. मामांनी चाळणीत डोकावून पाहिले, मग बाबांकडे, मग माझ्याकडे.

"यवढाच हाय का," ते म्हणाले, "का अजून कोन वळखायचं राहिलंय तुमच्या घरातलं?"

आई हसली, तेव्हा सगळे हसले. अंगठी घातली गेली. मामा मधोमध बसून जेवले आणि तीनदा भात घेतला. मी तो प्रत्येक घास मोजला. सवय झाली होती. जिवलीने प्राण्याला खाऱ्या पाण्याच्या बरणीत ठेवले आणि हा रश्श्याला पुरणार नाही, असा खेद व्यक्त केला.

पाहुणे गेल्यावर बाबांनी मला खाली बोलावले. गाळ्याचे शटर वर केले, आणि मी पाहतच राहिलो. आमच्या हॉलच्या बरोबर खाली, ओळीने, सात लोखंडी टेकू उभे होते. पहिला आवाज आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते आणले होते. महिनाभर मी वर कान लावून पालथा पडलेला, आणि खाली माझे वडील छताला टेकू देत उभे. मध्ये चार इंचांचा स्लॅब!

आम्ही टेकू उतरवायला लागलो. एक, दोन, तीन; सहा झाले. सातव्यापाशी मी पाना लावला, तर बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ह्यो ऱ्हाऊ दे."

"बाबा, तो आवाज त्या प्राण्याचा होता."

"म्हाईत हाय."

"मग?"

"ऱ्हाऊ दे."

मी सुशिक्षित मनुष्य आहे. कारण आणि कार्य यांचा संबंध मला कळतो. म्हणून रोज सकाळी ग्रंथालयाकडे जाताना मी कोणी बघत नाही असे पाहून गाळ्यात शिरतो आणि तो टेकू केवळ कुतूहलापोटी हाताने हलवून बघतो. तो तसूभरही हलत नाही. माझ्या आधी येऊन कोणीतरी त्याला रोज अर्धा आटा आवळून गेलेले असते.