कडक भाकरीचं फ्रेंच

आमच्या शेजारचे सिद्रामप्पा रोज सकाळी कट्ट्यावर बसून फ्रेंच क्रियापदं मोडतात. खरोखरच मोडतात. हातात कडक भाकरी असते. "नू" म्हटलं की एक तुकडा, "माँ" म्हटलं की दुसरा, "जों" म्हटलं की तिसरा. 'नू माँजों' म्हणजे 'आपण खातो'. मग तिन्ही तुकडे शेंगाचटणीला लावून ते खातातही.

जन्म गेला कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात, फिटर म्हणून. "आदी सुटं करायचं, मग जोडायचं" हे त्यांचं ब्रीद. आमचा मिक्सर त्यांनी असाच सुटा केला होता. जोडल्यावर दोन स्क्रू उरले, तर म्हणाले, कंपनीनंच जास्तीचे घातलेत. मिक्सर अजून चालतो, म्हणून मी गप्प आहे.

हा सगळा खटाटोप नातीसाठी. मुलगा बसवराज फ्रान्सला असतो, सून तिकडचीच. पाच वर्षांच्या लीलाला फ्रेंचशिवाय काही येत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलायचं काम अप्पांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं. त्या मराठी-कानडी मिसळून बडबडायच्या आणि पोरगी खिदळायची. काकू गेल्या आणि फोन अप्पांच्या हातात आला. ते नुसते बघत बसायचे. एकदा पोरीनं बापाला काहीतरी विचारलं. अप्पांनी खोदून खोदून विचारल्यावर बसवराजनं सांगून टाकलं, आजोबांना बोलताच येत नाही का, असं विचारतेय.

दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या दारात हजर. कॉलेजात मी दोन वर्षं फ्रेंच घेतलं होतं. त्यातलं निम्मं विसरलेय, पण आमच्या गल्लीत तेवढ्यावर पंडित होता येतं. तेव्हापासून चहा गॅसवर असतानाच हाक यायची. ह्या शब्दाचं मूळ कुठलं, शेपूट कुठलं? खाणारा बदलला की शेपूट बदलतं, हे त्यांना झटकन पटलं. पण 'ते खातात' म्हणताना शेवटची तीन अक्षरं नुसती लिहायची, उच्चारायची नाहीत, हे ऐकून ते भयंकर चिडले. शेवटी तोडही त्यांनीच काढली.

"ह्यो चुरा म्हणायचा, ताई. भाकरीसंगट असतोय, पण मोजायचा न्हाय."

चुरा चिमण्यांना जायचा.

मी सुचवलं होतं, 'मी खातो' सोपं आहे, तिथून सुरू करा. ते ऐकेनात. "एकट्याचं कशाला शिकू? ते रोजचंच हाय की." मला वाईट वाटलं, आणि मी 'आपण'पासूनच सुरुवात केली.

यंदा थंडीत फ्रान्सची मंडळी आली. लीला आईच्या मागे लपलेली. अप्पा कोरं धोतर नेसून कट्ट्यावर. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. इतक्या सकाळींची मेहनत वाया जाते की काय! मग सवयीनं त्यांचा हात भाकरीकडे गेला. कट्. "नू." कट्. "माँ." कट्. "जों."

लीला पुढे आली. तिनं तोच शब्द म्हटला आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी वाजवली. बसवराज म्हणाला, तिच्या शाळेत मुलांना शब्द असेच टाळ्या वाजवून तोडायला शिकवतात. पोरगी आजोबांना चिकटून बसली, एक भाकरी उचलली आणि बापाकडे वळून काहीतरी बोलली. बसवराज हसला आणि तोंड फिरवून बॅगा आत न्यायला लागला. अप्पा माझ्याकडे बघू लागले. माझं निम्मं फ्रेंच तेवढ्यापुरतं कामाला आलं.

"आजोबा माझ्याच वर्गात आहेत, असं म्हणतेय."

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"तिला सांगा ताई, शाळा लवकर सोडू नगं."