नेरे मुक्कामी पाइप गुंडाळिल्याची हकीकत

थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या. परंतु मौजे नेरे, तालुके मुळशी, येथे फाल्गुनमासी पाण्याचे पाइपाशी जे तुंबळ जाहले, ते लिहिणारा कोणी निपजला नाही. सबब लेखणी उचलिली. ऐकणारांनी मोबाइल उपडे ठेवोन कान द्यावा.

मातोश्री रत्नाबाई, वय वर्षे बासष्ट, यांची दौलत म्हणजे घरापुढील अंगण: मिरची, वांगी, दोन मोगरे आणि कढीपत्ता. त्या मुलखात शंभर फुटी हिरवा पाइप पुंड पाळेगारासारखा बेलगाम पसरला होता. गुरुवारी प्रातःकाळी त्याने बाईसाहेबांचे पायांस वेढा घातला, आणि बाईसाहेब बादलीसह भुईस आल्या, आणि गुडघा फुटला. चिरंजीव मनीषराव हिंजवडीस कंपनीचे चाकरीत. त्यांस हे कळताच काळजीने मर्जी बिघडली आणि फर्मान सुटले की, रविवारी ब्लॉकवाला आणोन अवघे अंगण फरसबंद करावे, झाड एकही राखू नये. रत्नाबाई वरकरणी "बरं" म्हणाल्या. परंतु त्या दिवशी त्यांस अन्न गोड लागेना.

मग शुक्रवारी धाकटे दीर भिकाजीराव, पूर्वीचे गॅरेजवाले, यांसी खलबत जाहले. मसलत ठरली की, जुन्या जीपची रिम गोठ्यात आहे, ती नळापाशी भिंतीस ठोकावी आणि पाइप तिजवर गुंडाळोन कायमचा जेरबंद करावा. परंतु रिमेत तांबडी कोंबडी अकरा अंड्यांनिशी ठाणे देऊन बसली होती.

"वैनी, पिल्लं निघूस्तोवर दम धरा," भिकाजीराव वदले.

"धा दिस हायेत अजून. आन ब्लॉकवाला परवा दारात! काढा तिला."

भिकाजीरावांनी हात घातला, आणि तांबडीने ऐसी चोच चालविली की, राव अंगठा चोखीत चुलीपावेतो मागे हटले. मग खाशा रत्नाबाई पुढे जाहल्या, आणि टोपलीत भुसा अंथरोन एकेक अंडे अदबीने हलविले, आणि जिकडे अंडी तिकडे सरकार, या न्यायाने तांबडी आपण होऊन टोपलीत रुजू जाहली. रक्त सांडले ते अंगठ्याचेच.

शनिवारी भिंतीवर चाल केली. ड्रिल गरजले, भोक पडले, बोल्ट बसला, आणि रिम टांगताक्षणी प्लास्टरसकट खाली आली. ऐसा आवाज जाहला की वरचे भाडेकरू भूकंप समजोन चपलांवाचून जिन्यात आले. भिकाजीराव हवालदिल होऊन बोलिले, "भित कच्ची हाय, वैनी. न्हाई टिकायची."

"मग नळाजवळच्या खांबाला ठोका. शिमिटाचा हाय की त्यो!"

हे दोन तास आधी सुचते तर प्लास्टर वाचते, ऐसे पुटपुटत दिरांनी ड्रिल खांबाकडे वळविले. खांबात चार बोल्ट पक्के बसले, आणि भिकाजीराव, वजन पंच्याऐंशी किलो, स्वतः रिमेस लोंबकळले. रिम ढळली नाही. रत्नाबाई ऐशा हसल्या की गुडघ्याचे दुखणे विसरल्या.

रविवारी साडेनऊ वाजता मनीषराव ब्लॉकवाल्यासह अंगणी दाखल जाहले. पाइप निम्मा गुंडाळिला होता, निम्मा मातोश्रींचे हाती होता. तोच भिकाजीरावांनी उत्साहाचे भरात नळ सोडला. पाइपाने फणा काढिला आणि फर्मान काढणारे मालक नखशिखांत चिंब केले. ब्लॉकवाला टेपासह कढीपत्त्याआड लपला.

"आई, बंद कर! बंद कर आधी!"

"आधी तुजं ब्लॉक बंद कर!"

"आगं, तू पुन्हा पडशील म्हणून..."

"पडायला भुईवर काय ऱ्हायलंय का? बघ की!"

मनीषरावांनी डोळ्यांतील पाणी पुसोन पाहिले. वाट मोकळी होती. पाइप रिमेवर चढत होता. मग ते हसू लागले, आणि ब्लॉकवालाही हसू लागला, आणि तेथेच तह जाहला: ब्लॉक रद्द, झाडे बहाल, अंगण मातोश्रींकडे निरंतर.

येणेप्रमाणे फाल्गुन वद्य पक्षी, रविवारी, दहाचे सुमारास पाइप बावीस वेढ्यांत बंदिवान होऊन मोहीम फत्ते जाहली. तिसरे प्रहरी खाशी स्वारी एकटीच अंगणी उतरोन तीन वेळ पाइप सोडिती आणि तीन वेळ गुंडाळिती जाहली, आणि मिरच्यांस पाणी हिशेबाबाहेर पोहोचले.