तोफा कुणाच्या, यंत्र कुणाचं

भाऊजी दोन्ही फ्लेक्स पोचवून आले, हात धुतले आणि चहाचा कप तोंडाला लावला, तेव्हा वहिनींनी सहज विचारलं, "काकांना आवडला का?"

"उघडून कुठे पाहिला त्यांनी? मोर्च्याची गडबड. पोरांनी तसाच गुंडाळलेला उचलून नेला," भाऊजी म्हणाले. "यंत्राचा त्यांना दिला, तोफांचा कंपनीत."

वहिनींची कात्री जागच्या जागी थांबली.

वहिनी म्हणजे फ्लेक्स छापण्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. धाकटे दीर, म्हणजे हे भाऊजी, वहिनी म्हणतात म्हणून गिऱ्हाइकंही त्यांना वहिनीच म्हणायची. काल त्यांच्याकडे दोन ऑर्डरी होत्या. दोन्ही वीस फूट बाय चार फूट, दोन्ही लालभडक. पहिली टर्नरकाकांची. काकांची चाळीस वर्षं लेथवर गेलेली, वहिनींच्या वडिलांचे ते कारखान्यातले सोबती. निवृत्त झाल्यापासून युद्ध, मालक आणि संगणक या तिघांच्या विरोधातला एकही मोर्चा त्यांनी चुकवला नव्हता. त्यांची ओळ होती, 'कामगारांचे हात थांबले, की तोफा थांबतात.' खाली समितीचं नाव टाकायचं होतं, पण ते काय असावं यावर समितीत एकमत झालं नव्हतं, म्हणून नाव नव्हतंच.

दुसरी ऑर्डर पुलापलीकडच्या कंपनीची. तोफेने कुठे मारा करायचा हे ठरवणारे संगणक ही कंपनी बनवते. लाल रंगाने विश्वास वाटतो असं त्यांना कुणा सल्लागाराने सांगितलं होतं. आज तिथे लष्कराचे मोठे अधिकारी येणार होते. त्यांच्यासाठी ओळ होती, 'माणूस थकतो. माणूस प्रश्न विचारतो. यंत्र दोन्ही करत नाही.' दोन्ही गुंडाळ्या सारख्याच दिसायला लागल्या म्हणून वहिनींनी वरच्या कागदावर खूण केली होती. एकीवर 'तोफा', दुसरीवर 'यंत्र'.

"अहो भाऊजी, उलटं केलंत की," वहिनी म्हणाल्या.

"उलटं कसं? कंपनी तोफांचं काम करते, म्हणून तोफा कंपनीत. काका जन्मभर यंत्रावर होते, म्हणून यंत्र काकांना. यात माझं काय चुकलं?"

वहिनींनी विचार करून पाहिला. काय चुकलं ते त्यांनाही पटकन सांगता येईना. त्यांनी स्कूटर काढली.

चौकात पोचल्या तेव्हा फ्लेक्स दोन खांबांमध्ये ताणून बांधलेला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. कॉलेजातल्या मुली त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होत्या. टर्नरकाका मात्र लाउडस्पीकरच्या बाजूला, परीक्षेत भलत्याच विषयाचा पेपर हातात आल्यासारखे उभे होते.

"काका, आमच्याकडून अदलाबदल झाली. आत्ता उतरवते."

"थांब," काका म्हणाले. "ही पोरं मघापासून सांगतायत, काका, आज पहिल्यांदा समजेल असं लिहिलंत. शिवाय कोपऱ्यात कंपनीचं नावही टाकलंत, केवढं धाडस. आता उतरवून त्यांना काय सांगू?"

"पण हे त्या कंपनीचंच आहे. तिनेच लिहिलंय. कौतुकाने."

काकांनी फ्लेक्स पुन्हा एकदा वाचला. "म्हणजे ही टीका नाही?"

"नाही. जाहिरात आहे."

"मग आम्ही आणखी काय बोलायचं?" काका स्वतःशीच म्हणाले.

वहिनी तशाच पुलापलीकडे गेल्या. सभागृहाच्या दारात मॅडम भेटल्या. कंपनीच्या जाहिरातींचं त्याच बघायच्या. चेहरा पांढराफटक पडला होता. वहिनी काही बोलणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत व्यासपीठामागे काकांची ओळ झळकत होती आणि कंपनीचे साहेब तिच्याकडे हात करून पाहुण्यांशी बोलत होते.

"हीच तर आपली अडचण आहे. हात थांबले, की तोफा थांबतात. हात संपावर जातात, आजारी पडतात, नाही म्हणतात. आमच्या यंत्राला हातच नाहीत."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने ते वहीत टिपून घेतलं.

"यांना आधी माहीत होतं?" वहिनींनी कुजबुजत विचारलं.

"छे. वळून वर बघितलं, जरा थांबले आणि सुरू झाले," मॅडम म्हणाल्या. "त्यांना कशावरही बोलता येतं."

वहिनी दुकानात परतल्या. भाऊजींनी अपराध्यासारखं विचारलं, "मग? झाली ना चूक?"

"तेच तर कळत नाही," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी काका दारात हजर. नवा फ्लेक्स सांगायचा होता. ते बसतात न बसतात तोच मॅडम आल्या.

"साहेबांना कालचीच ओळ गेटवर कायमची हवीय. हातांची," त्या म्हणाल्या. "कुणी लिहिली ते विचारत होते. त्याला नोकरी देतो म्हणाले."

"मी लिहिली," काका म्हणाले. "तोफा थांबाव्यात म्हणून."

मॅडम खुर्चीत बसल्या. काकांनी विचारलं, "आणि ते थकण्याचं, प्रश्न विचारण्याचं? ते कुणाच्या डोक्यातून आलं?"

"माझ्या."

"विकायला लिहिलंत?"

"चिडून लिहिलं होतं, काका. साहेब वाचतील आणि त्यांना लाज वाटेल, असं वाटलं होतं. त्यांनी लगेच मंजूर केलं." मॅडमनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तुमचा पुढचा मोर्चा कधी आहे?"

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "रविवारी. पण या वेळी अशी ओळ हवी, की तुमच्या साहेबांना वापरताच येणार नाही. 'युद्ध संपवा.'"

मॅडमनी साहेबांचा आवाज काढला. "युद्ध संपवा. आमच्या यंत्राने, दोन दिवसांत."

"'माणूस आधी.'"

"माणूस आधी. म्हणून लढायला यंत्र पाठवा."

"'कारखान्याचे मालक कामगारच.'"

"झालेत की. प्रत्येकाला चार शेअर दिलेत."

दुपार झाली. काकांनी चार पानं लिहून खोडली. भाऊजी मध्येमध्ये सुचवून बघत होते, तेही विकलं जात होतं. "सगळंच विकता येतं का मग?" काका थकून म्हणाले आणि त्यांनी पाचवं पान ओढलं.

"नको," वहिनी म्हणाल्या.

"का नको? मी अजून दमलो नाही."

"तसं नाही. तेच लिहा म्हणते. 'नको.'"

मॅडमनी घसा साफ केला, साहेबांसारखा हात वर केला. "नको," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. हात हळूहळू खाली आला. "याच्यापुढे त्यांना काही बोलताच येणार नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी पेनाला टोपण लावलं. भाऊजींचा गोंधळ मात्र मिटला नव्हता. ते टेप घेऊन पुढे आले.

"वीस बाय चारमध्ये दोनच अक्षरं? मग उरलेल्या जागेचं काय करायचं?"

वहिनींनी मशीन चालू केलं. "उरणार नाही. अक्षरं मोठी येतील."