झेंडूचं सर्टिफिकेट

मधूभाऊ गाडी तपासायला बसले, की आमच्या गल्लीत कुकरलाही शिट्टी द्यायची परवानगी नसते.

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या घराला लागूनच त्यांचं अंगण आहे. तिथे एखादी जुनी गाडी बॉनेट उघडून उभी असते, इंजिन चालू असतं आणि इंजिनावर पिठलं घोटायचा लाकडी चाटू टेकवलेला असतो. चाटूचं दुसरं टोक मधूभाऊंच्या कानाशी. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधी. नवख्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ बैठकीतलं गाणं ऐकताहेत. त्यात कुणी शिंकलं तरी भाऊ एक डोळा उघडून दटावतात, "चूप! बोलून राहिली ना ते!"

'ते' म्हणजे गाडी. आणि गाडी म्हणजे फक्त जुनी जर्मन. बाकी साऱ्या मोटारींना भाऊंच्या भाषेत 'डबा' म्हणतात. माझ्या नव्याकोऱ्या गाडीला त्यांनी आजवर दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. "मास्तर, तुमचा डबा जरासा बाजूले घ्या, पाव्हनी येऊन राहिली." आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी ते गाडी लावत असलेल्या माझ्या बायकोसमोर उभे राहिले आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "ताई, काहून मारून राहिले तिले? क्लच सोडा ना पूर्ण!" बायको पुण्याची. ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आठवड्यानं क्लच गेला, तेव्हा बोलली.

भाऊ काही मेकॅनिक नव्हेत. घरचा फुलांचा मळा आणि बाजारात फुलांचं दुकान. गावातल्या एका तेलगिरणीच्या शेठची सायीच्या रंगाची जर्मन गाडी होती आणि दसऱ्याला तिला हार घालायचा मान भाऊंच्या दुकानाचा. तरुणपणी हाराचं माप घ्यायला म्हणून ते गेले आणि बॉनेटवर हात ठेवून तिथेच राहिले. "मास्तर, बायकोची उंची मले लग्नानंतर समजली. या गाडीची रुंदी आधीच पाठ होती," असं ते कुसुमवहिनींच्या देखत सांगतात.

शेठ गेले. मुलांनी ती गाडी गिरणीच्या मागे लावून दिली आणि तिच्यात कोंबड्या राहायला आल्या. ती भंगारात निघाली हे कळल्यावर भाऊ ट्रॅक्टर घेऊन गेले. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरानं बांधलेली गाडी, स्टिअरिंगवर भाऊ, आणि मागच्या सीटवर उतरायला तयार नसलेली एक कोंबडी, अशी ती वरात जठारपेठेतून निघाली. कुसुमवहिनी दारात उभ्या होत्या.

"आता इले कोठी ठेवसान?"

"अंगनात."

"आन् मले?"

भाऊ तोवर गाडीखाली शिरले होते.

त्यानंतर भाऊ जर्मन शिकले. म्हणजे गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. त्यांना त्या भाषेत 'नमस्कार' म्हणता येत नाही, पण 'तेलगळती' अस्खलित म्हणता येतं. एकदा इंजिनाचं एक रबरी सील थेट जर्मनीहून आलं, तर त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कुणाला नातू झाला म्हणून आम्ही विचारायला गेलो, तर भाऊंनी ते काळं वेटोळं तळहातावर ठेवून दाखवलं. "पाहा! हात नोका लावू."

जुनी गाडी ठरावीक काळानं आरटीओत नेऊन पास करून घ्यावी लागते. लोक त्या दिवशी घाबरलेले असतात. भाऊ नवं धोतर नेसतात. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धूर मोजला, सारं नियमाप्रमाणे झालं आणि ते म्हणाले, "झालं काका, पास."

भाऊंचा चेहरा पडला. "असं कसं झालं? साहेब, खाली तं वाकलेच नाई तुमी!"

"काका, मशीननं सगळं बरोबर दाखवलंय."

"मशीनले काय समजते? आयका तं एकदा!" आणि त्यांनी पिशवीतून चाटू काढला. मागे मोठी रांग होती. साहेब तरुण होता, पण जाणता असावा. त्यानं मुकाट्यानं चाटू कानाला लावला आणि जरा वेळानं म्हणाला, "लई गोड चालते काका." घरी येईपर्यंत भाऊंनी हे वाक्य रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं.

पण खरं सांगायचं तर आमच्या भागात आरटीओइतकाच भाऊंच्या शब्दालाही मान आहे. अमरावती, यवतमाळ, पार नागपूरपासून जुन्या जर्मन गाड्यांचे शौकीन रविवारी त्यांच्या अंगणात येतात. कुणाला गाडी घ्यायची असते, कुणाला विकायची, कुणाला नुसतं "बरी आहे ना?" एवढंच विचारायचं असतं. भाऊ दिवसभर गाडी तपासतात. पास झाली, तर स्वतः ओवलेला झेंडूचा हार बॉनेटला घालतात. हेच त्यांचं सर्टिफिकेट. नापास झाली, तर हार नाही. मालक आमदाराचा मेहुणा असला तरी नाही. एकदा तसा एक आला होता. त्यानं बाजारातून स्वतःच हार आणून घातला. भाऊंनी तो शांतपणे उतरवून गाईला चारला.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीहून सुलभाबाई आल्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, धीट बाई. यजमानांच्या मागे त्यांची जुनी जर्मन गाडी स्वतः चालवतात. नातवंडं सुट्टीत आली होती आणि त्यांना घेऊन बाईंना चिखलदऱ्याला जायचं होतं.

"घाट चढायचा आहे, भाऊ. तुम्ही पास केलीत तरच नेते."

अंगणात नेहमीची मंडळी जमली. भाऊंनी चाकं पाहिली, ब्रेक पाहिले, गाडीखाली झोपून आले. मग इंजिन चालू करून चाटू कानाला लावला. चांगला वेळ ऐकलं, मान डोलावली आणि हार उचलून बॉनेटला घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात कुसुमवहिनी हातातलं पीठ झाडत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या या कार्यक्रमाला कधी अंगणात येत नसत.

"हार काढा," त्या म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. भाऊ वळले. "काय म्हनलं?"

"हार काढा म्हनलं. पान्याचा पंप किरकिर करून राहिला तिचा. बारीक हाये आवाज, पन हाये."

भाऊंनी पुन्हा चाटू लावला. यावेळी डोळे मिटले नाहीत. जागा बदलून पाहिली, दुसरा कान लावून पाहिला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. पट्टा सैल करून पंपाची पुली दोन बोटांत धरली आणि हलवली. ती टक् टक् करत हलली. बेअरिंग खलास झालं होतं. घाटात पंप बसला असता, तर इंजिन तापून गाडी बाई आणि पोरांसकट वळणावर उभी राहिली असती.

भाऊंनी हार उतरवला. एवढ्या लोकांत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, आपण घातलेला हार त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला. मला वाटलं, आता हा माणूस वहिनींवर भडकणार. ते कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आयका रे सगये! सुलभाबाईची गाडी आज नापास. पंप मी बदलून देतो. आन् आजपासून माहे कानबी नापास. इथून पुढं ऐकाचं काम ह्या करतीन. बायको हाये माही!"

शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं, जसं काही कालच लग्न झालं होतं.

संध्याकाळी लोक गेल्यावर आम्ही तिघं अंगणात चहा घेत बसलो. भाऊ कपाकडे पाहत म्हणाले, "तुले कसं समजते व हे सगयं? तू तं कधी आलीच नाई गाडीजवळ."

वहिनींनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "घरात बोलत होतं कोन? तुमी तं तिच्याशीच बोलत होते. ते बोले, मी आयकत जाये. तिचा आवाज बिघडला, की तुमी जेवत नाई, झोपत नाई. मंग मले ध्यान ठेवाच लागे."

भाऊंच्या कपातला चहा तसाच निवला.

पुढच्या रविवारी भाऊंनी आलेल्या लोकांना परत पाठवलं. वहिनींचं माहेर भातकुलीचं. इतकी वर्षं त्या एसटीनंच गेल्या, कारण गाडी कधी 'अजून तयार नाई', कधी 'उन्हात नाई काढत तिले'. त्या दिवशी भाऊंनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि मला मागे. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. वहिनी पदर सावरून सरळ समोर पाहत बसल्या होत्या. भातकुली जवळ आली आणि त्या एकदम म्हणाल्या, "थांबा!"

भाऊंनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. "काय वाजलं?"

"काई नाई वाजलं. हे आमचं वावर."

दोन्हीकडे तूर उभी होती. वहिनींनी काच खाली घेतली. लहानपणी बाबांची न्याहारी घेऊन आपण कोणत्या धुऱ्यानं, कोणत्या बांधावरून यायचो, कुठे पाय घसरून सगळी भाजी सांडली आणि बाबांनी न रागावता नुसती भाकर कशी खाल्ली, हे त्या हळू आवाजात सांगू लागल्या. भाऊ स्टिअरिंगवरचे हात काढून पूर्ण त्यांच्याकडे वळून बसले.

"ऐकू नाई आलं," ते म्हणाले. "पुन्हा सांग."

वहिनींनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तूर तोडणाऱ्या बायाही थांबून पाहू लागल्या.

"पुन्हा सांग," भाऊ म्हणाले.

मी मागे बसलो होतो, भाऊंचा चेहरा मला दिसत होता. दुसऱ्या वेळेला त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.